मंदीत राज्याचा अर्थसंकल्प जुळतो, तेव्हा तूट जाते कुठे?

धागाकर्ता

मंदीचे वर्ष सरते, राज्याचे हिशेब बाहेर येतात आणि तूट मर्यादेत राहिल्याचे सांगितले जाते. अशा वेळी मला नेहमी प्रश्न पडतो की, जी खिंडारे मे-जूनमध्ये उघड दिसत होती ती मार्चपर्यंत कशाने बुजली? करवसुली तर वाढलेली नसते, पगार आणि निवृत्तिवेतन तर चुकते झालेले असते. मग मधला फरक कोणी सोसला? या धाग्यात चर्चा एवढ्या एकाच प्रश्नावर व्हावी, अशी विनंती आहे. कोणत्या पक्षाचे सरकार होते यावर वाद घालायला इतर धागे आहेत.

आधी एक साधे गणित मांडतो. आकडे काल्पनिक आहेत, पण त्यांची ठेवण खरी आहे. समजा, एका राज्याची महसुली जमा १०० रुपये आहे आणि ते २० रुपये कर्ज काढते, म्हणजे त्याच्या हाती १२० रुपये येतात. त्यातले ६२ रुपये वेतन, निवृत्तिवेतन आणि व्याज या बांधील खर्चात जातात. उरलेल्या ५८ पैकी २५ रुपये अनुदानित शाळा, निराधारांचे मानधन, शेतीपंपांच्या विजेची सवलत अशा गोष्टींवर जातात, ज्यांना हात लावणे कायद्याने नाही तरी व्यवहाराने अशक्य असते. रस्ते, कालवे, इमारती, पाणीपुरवठा यांच्यासाठी राहतात ३३ रुपये. आता मंदी आली आणि जमा १०० वरून ८५ वर घसरली. कर्जाची मर्यादा स्थूल राज्य उत्पन्नाच्या टक्क्यांत मोजली जात असल्याने उत्पन्न आटले की मर्यादाही आटते, म्हणून कर्ज १९ रुपये धरू. हाती आले १०४ रुपये. त्यातून ६२ आणि २५ वजा केले की उरतात १७. जमेत १५ टक्क्यांची घट झाली, पण बांधकामांच्या वाट्याचे पैसे जवळपास निम्मे झाले. घट सगळ्यांवर सारखी वाटली जात नाही, ती उतारावरच्या पाण्यासारखी सर्वांत सखल जागी जाऊन साठते.

महाराष्ट्रात २०२०मध्ये नेमके हेच घडले. त्या वर्षी एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचे उत्पन्न जवळपास एक चतुर्थांशाने आक्रसले होते. वित्त विभागाच्या ४ मे २०२० च्या शासन निर्णयाने विकासकामांवरील वार्षिक तरतुदीच्या केवळ ३३ टक्के निधी मिळेल, असे विभागांना कळवले. नवीन बांधकामे घेऊ नयेत, नवीन योजना सुरू करू नयेत, आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण वगळता भरती करू नये, असेही त्यात होते. ३३ टक्क्यांचा आकडा तेव्हा अनेकांना धक्कादायक वाटला. मला तो वरच्या गणिताचा सरळ निष्कर्ष वाटला.

केंद्र सरकार मंदीत आपली तूट वाढवू शकते. राज्याला तसे करता येत नाही. संविधानाच्या अनुच्छेद २९३ नुसार राज्याला फक्त देशांतर्गत कर्ज काढता येते, आणि केंद्राचे जुने कर्ज बाकी असेल तर नव्या कर्जासाठी केंद्राची संमती लागते. त्याखेरीज तुटीला आवर घालणारा महाराष्ट्राचा स्वतःचा वित्तीय उत्तरदायित्व आणि अर्थसंकल्पीय व्यवस्थापन अधिनियम २००५ पासून आहे. म्हणजे ज्या वर्षी सरकारने खर्च करायला हवा, त्याच वर्षी त्याचे हात सर्वांत घट्ट बांधलेले असतात. २०२०मध्ये केंद्राने कर्जमर्यादा ३ टक्क्यांवरून ५ टक्के केली हे खरे, पण त्या वाढीव २ टक्क्यांपैकी अर्धा टक्काच विनाअट होता. बाकीचा शिधापत्रिका, व्यवसायसुलभता, नागरी स्थानिक संस्था आणि वीज वितरण या सुधारणांशी जोडलेला होता. घर जळत असताना नळजोडणीचे कागद मागण्यातला हा प्रकार होता, असे माझे मत आहे. इतरांचे वेगळे असू शकते.

माझा मुद्दा असा की, मंदीत ‘जुळलेल्या’ अर्थसंकल्पात तुटीचा मोठा भाग नाहीसा झालेला नसतो, तो सरकारच्या वहीतून दुसऱ्या कुणाच्या तरी वहीत गेलेला असतो. तो कुणाच्या वहीत जातो, हे जाणकारांनी सांगावे.

कोषागारातला निवृत्त

प्रश्न नेमका आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. माझी सारी नोकरी कोषागारात गेली आणि कित्येक ३१ मार्च मी मध्यरात्रीनंतर घरी परतलो.

बाहेरच्या माणसाला वाटते की, सरकारने खर्च थांबवायचा म्हणजे कुणीतरी देयकावर ‘नामंजूर’ असा शिक्का मारत असेल. तसे काहीही होत नाही. निधीचे वितरण बीम्स या संगणकीय प्रणालीतून होते. विभागाच्या नावावर त्या प्रणालीत निधी दिसला, तरच आहरण व संवितरण अधिकारी, म्हणजे कार्यालयाच्या वतीने पैसे काढणारा अधिकारी, देयक तयार करून कोषागारात पाठवू शकतो. निधी दिसला नाही, तर देयक आमच्या खिडकीपर्यंत येतच नाही. ते विभागाच्या कपाटात राहते. माझ्या दृष्टीने ते जन्मलेलेच नसते, म्हणून माझ्याकडे प्रलंबित देयकांचा आकडा विचारला तर मी प्रामाणिकपणे ‘शून्य’ सांगू शकत असे.

याच्या मुळाशी लेखापद्धती आहे. राज्याचे लेखे रोख पद्धतीने ठेवले जातात. पैसे बाहेर पडले त्या दिवशी खर्च झाला, असे मानले जाते. पूल बांधून झाला, त्यावरून गाड्या धावू लागल्या, पण देयक दिले गेले नाही, तर त्या वर्षीच्या लेख्यांत त्या पुलावर खर्च झालेला नाही. राजकोषीय तूट, म्हणजे कर्ज सोडून आलेल्या जमेपेक्षा झालेला जास्तीचा खर्च, तेवढ्याने कमी दिसते. यात कुणी खोटे आकडे लिहीत नाही. पद्धतच अशी आहे की, न दिलेले पैसे तिला दिसत नाहीत.

दुसरी बाजूही सांगतो. ज्या विभागाला मार्चमध्ये अचानक निधी मिळतो, तो व्यपगत होऊ नये, म्हणजे वर्ष संपताच हातचा जाऊ नये, म्हणून रक्कम काढून स्वीय प्रपंजी खात्यात, म्हणजे अधिकाऱ्याच्या नावे असलेल्या ठेवीसारख्या सरकारी खात्यात, टाकून ठेवतो. लेख्यांत खर्च झालेला असतो, प्रत्यक्षात काम सुरूही झालेले नसते. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालांत यावर वर्षानुवर्षे ताशेरे आहेत. म्हणजे एकाच वर्षी एका कपाटात झालेल्या कामाची न दिलेली देयके पडून असतात आणि दुसऱ्या खात्यात न झालेल्या कामाचे पैसे.

आणि मंदीत खरी झोप उडवते ती वार्षिक तूट नव्हे, तर रोजची रोख शिल्लक. पगाराची तारीख आणि वस्तू व सेवा कराचा भरणा यांची गाठ पडली नाही, तर रिझर्व्ह बँकेकडून अर्थोपाय अग्रिम, म्हणजे तात्पुरती उचल, घ्यावे लागते, तेही संपले तर अधिकर्ष, म्हणजे ओव्हरड्राफ्ट. एप्रिल २०२०मध्ये रिझर्व्ह बँकेने अग्रिमाची मर्यादा मार्चच्या पातळीवर आधी ३० टक्के आणि मग एकूण ६० टक्के वाढवली. सलग ओव्हरड्राफ्टमध्ये राहण्याचे दिवस १४ वरून २१ केले आणि तिमाहीतले ३६ वरून ५०. हे दिवस उलटले की राज्याची देणी चुकती करणेच थांबते. तेव्हा वित्त विभागात बसलेल्या माणसाने हातातले देयक आठवडाभर मागे ठेवले, तर त्याला खलनायक ठरवण्याआधी हे दिवस मोजावेत.

काटकसरवादी

धागाकर्त्यांच्या गणिताशी सहमत आहे, रोखाशी नाही. कर्जमर्यादा हा जणू राज्यांवर झालेला अन्याय आहे असा सूर लागतो आहे, म्हणून इतिहास आठवून देतो. नव्वदीच्या अखेरीस पाचव्या वेतन आयोगानंतर बहुतेक राज्यांची महसुली तूट इतकी फुगली होती की, पगारासाठी कर्ज काढले जात होते. बाराव्या वित्त आयोगाने कर्जसवलत देताना वित्तीय उत्तरदायित्वाचा कायदा करण्याची अट घातली ती त्यामुळेच. मर्यादा आकाशातून पडलेली नाही.

जागतिक मंदीच्या वेळी केंद्राने राज्यांना २००८-०९ साठी ३.५ टक्के आणि २००९-१० साठी ४ टक्क्यांपर्यंत कर्ज काढू दिले. सवलत मंदीसाठी होती. पण त्याच सुमारास सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी आली आणि अनेक ठिकाणी मंदीसाठी मिळालेली मोकळीक वेतनात विरघळली. कर्ज काढून धरण बांधले तर पुढच्या पिढीला धरण मिळते आणि हप्ताही मिळतो. कर्ज काढून वेतन दिले तर फक्त हप्ता मिळतो.

धागाकर्ते ज्या अटींना नळजोडणीचे कागद म्हणतात, त्यांतली वीज वितरणाची अट मला अनाठायी वाटत नाही. वितरण कंपनीचा तोटा हा आज ना उद्या राज्याच्या अर्थसंकल्पावरच येऊन आदळतो. मात्र ती अट साथीच्या ऐन भरात घालावी का, यावर मतभेद होऊ शकतो, आणि तेवढ्यापुरते मी धागाकर्त्यांचे म्हणणे मान्य करतो.

एक पगारदार

बांधील खर्चाला हात लागत नाही, हे विधान थोडे सुधारावे लागेल. मार्च २०२० चे वेतन महाराष्ट्रात दोन टप्प्यांत देण्यात आले. लोकप्रतिनिधींचे ६० टक्के, अ आणि ब वर्गाचे ५० टक्के, क वर्गाचे २५ टक्के मागे ठेवले गेले आणि ड वर्गाला पूर्ण पगार मिळाला. केरळने पाच महिने दरमहा सहा दिवसांचे वेतन मागे ठेवायचे ठरवले. उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिल्यावर अध्यादेश काढला. आंध्र प्रदेशाचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. तिथे २०२१मध्ये निकाल असा झाला की, लांबवलेले वेतन आणि निवृत्तिवेतन ६ टक्के व्याजासह द्यावे.

म्हणजे कर्मचाऱ्याची थकबाकी ही ‘थकबाकी’ म्हणून ओळखली गेली आणि तिला व्याजही मिळाले. निवृत्त साहेबांच्या कपाटातल्या देयकांचे काय?

छोटा कंत्राटदार

वरच्या प्रश्नाचे उत्तर मी देतो, कारण त्या कपाटात माझे देयक होते. विभागाचे आणि गावाचे नाव घेत नाही, कारण मला पुढेही तिथेच कामे करायची आहेत.

काम एका ग्रामीण रस्त्यावरच्या दोन मोऱ्यांचे आणि त्यांच्या जोडरस्त्याचे होते. कार्यारंभ आदेश होता, मुदतीत काम संपवले, उपअभियंत्यांनी मोजमापे घेतली, मोजमाप पुस्तिकेत नोंद झाली, गुणवत्ता चाचणीचे अहवाल जोडले. त्यानंतर सतरा महिने मी दर सोमवारी एकच वाक्य ऐकत होतो: ‘निधी आला की बघू.’ वाक्य बोलणारा लिपिक सज्जन होता आणि त्याच्या हातात खरोखरच काही नव्हते. या काळात सिमेंटवाल्याने दोन महिने उधारी दिली आणि तिसऱ्या महिन्यात पुढचा माल बंद केला. खडीच्या क्रशरवाल्याला मी पत्नीच्या दागिन्यांवर काढलेल्या कर्जातून पैसे दिले. मजुरांचे पैसे थकवले नाहीत एवढेच समाधान. रोलर मात्र विकावा लागला.

माझे देयक अखेर मिळाले, अनामत वजा करून, पूर्ण. व्याजाचा एक पैसा नाही. धागाकर्त्यांनी विचारले की तूट कुणाच्या वहीत गेली. माझ्याकडे त्या वर्षीची वही आहे. पान दाखवू शकतो.

धागाकर्ता

कंत्राटदार महोदयांचा प्रतिसाद वाचून मूळ लेखात जे अंदाजाने लिहिले होते ते ठोस झाले. त्यांच्या अनुभवाला जोडून परदेशातले एक उदाहरण देतो, कारण ते या वादात उलट्या अंगाने उपयोगी आहे.

अमेरिकेत बहुतेक सर्व राज्यांवर अर्थसंकल्प संतुलित ठेवण्याचे बंधन आहे, व्हरमाँटचा अपवाद नेहमी सांगितला जातो. २००९च्या मंदीत कॅलिफोर्नियाची तिजोरी रिकामी झाली आणि जुलै २००९पासून त्या राज्याने ज्यांचे देणे होते त्यांना रोख रकमेऐवजी नोंदणीकृत वचनचिठ्ठ्या द्यायला सुरुवात केली. कर परताव्यापासून पुरवठादारांच्या देयकांपर्यंत अशा ४ लाखांहून अधिक चिठ्ठ्या गेल्या आणि त्यांची रक्कम सुमारे २.६ अब्ज डॉलर होती. जगभर त्या राज्याची छी-थू झाली, पतमानांकन घसरले. पण चिठ्ठीवर रक्कम होती, तारीख होती आणि वर्षाला ३.७५ टक्के व्याज होते. सप्टेंबरपासून त्या वटवल्याही गेल्या.

आपल्याकडे छी-थू झाली नाही, कारण चिठ्ठीच दिली गेली नाही. नादारीची लाज टाळण्याची किंमत रोलर विकणाऱ्या माणसाने मोजली. मी कॅलिफोर्नियाच्या बेहिशेबी कारभाराचे कौतुक करत नाही, पण देणे लागतो असे कागदावर लिहून देणारे राज्य आणि ‘निधी आला की बघू’ म्हणणारे राज्य, यांतले अधिक बेशिस्त कोणते, हे काटकसरवादी महोदयांनी सांगावे.

मुद्रांकवाला

चर्चा सगळी खर्चावर चालली आहे, जमेबद्दलही दोन शब्द. वस्तू व सेवा कर आल्यापासून राज्याच्या एकट्याच्या हातात फार थोड्या चाव्या उरल्या आहेत: मद्य, पेट्रोल-डिझेल, मुद्रांक शुल्क, वाहनकर. मंदीत मे २०२०मध्ये दिल्लीने मद्यावर ७० टक्के विशेष शुल्क लावले आणि जूनमध्ये मागे घेतले, ते या चाव्यांच्या तुटवड्यामुळेच.

महाराष्ट्राने मात्र मुद्रांक शुल्काची चावी उलटी फिरवली. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांसाठी दर ३ टक्क्यांनी आणि त्यानंतर मार्च २०२१पर्यंत २ टक्क्यांनी कमी केला. वर्षाअखेरीस दुय्यम निबंधक कार्यालयांत दस्त नोंदवायला जी झुंबड उडाली, ती मी टोकन हातात घेऊन अनुभवली आहे. सवलतीला शेवटची तारीख होती, म्हणून ती चालली. तारीख नसलेली सवलत ही नुसती महसूलगळती झाली असती. त्यांतले काही व्यवहार पुढच्या वर्षीचे अलीकडे ओढले गेले असणार, हे मान्य. पण मंदीत नेमके तेच हवे असते. पुढच्या वर्षीची मागणी या वर्षी यावी, आणि सिमेंटवाल्याने तिसऱ्या महिन्यात हात आखडू नये.

काटकसरवादी

धागाकर्त्यांच्या थेट प्रश्नाचे थेट उत्तर: चिठ्ठी न देणारे राज्य अधिक बेशिस्त. यात मला काही कमीपणा वाटत नाही, कारण माझी काटकसर ही कर्ज लपवण्याची वकिली नाही. न दिलेले देयक हे बिनव्याजी सक्तीचे कर्जच आहे आणि ते मर्यादेत मोजले गेले पाहिजे. महामंडळांच्या नावे काढलेली आणि राज्याच्या पैशातून फेडायची कर्जे २०२२पासून केंद्राने राज्याच्या मर्यादेत धरायला सुरुवात केली. त्यावरून केरळ सर्वोच्च न्यायालयात गेले आणि एप्रिल २०२४मध्ये ते प्रकरण घटनापीठाकडे सोपवले गेले. महामंडळाच्या कर्जावर एवढे रणकंदन होते, मग कंत्राटदाराकडून घेतलेल्या कर्जाचा कुणी शब्दही का काढू नये?

मात्र केंद्रालाही हाच नियम लावा. जुलै २०१७पासून पाच वर्षे राज्यांना वस्तू व सेवा कराच्या महसुलात दरसाल १४ टक्के वाढीचे संरक्षण कायद्याने दिले होते, आणि कमी पडेल त्याची भरपाई एका उपकरातून व्हायची होती. २०२०मध्ये त्या उपकराची वसुली आटल्यावर ऑगस्टमध्ये राज्यांपुढे कर्जाचे पर्याय ठेवले गेले, आणि बऱ्याच ओढाताणीनंतर केंद्राने १.१ लाख कोटी रुपये उचलून ते राज्यांना कर्जरूपाने पुढे दिले. उपकराची मुदत वाढवून त्याची परतफेड ठरली. दरम्यानच्या महिन्यांत राज्याला मिळायचे पैसे मिळाले नव्हते, म्हणून राज्याने जिल्ह्याला दिले नाहीत, म्हणून कंत्राटदाराला मिळाले नाहीत. रोलर विकला गेला, त्याची साखळी वर दिल्लीपर्यंत जाते.

कोषागारातला निवृत्त

दोघांचे एकमत होताना पाहून बरे वाटले. व्यवहारात काय करता येईल, एवढेच लिहितो. चांगल्या वर्षांत वेगळी गंगाजळी राखण्याची व्यवस्था आपल्याकडे कर्जफेडीपुरती आहे. रिझर्व्ह बँकेकडे राज्यांचा एकत्रित निक्षेप निधी असतो आणि मे २०२०मध्ये त्यातून रक्कम काढण्याचे नियम शिथिल केले गेले होते. तसाच निधी महसुलातील चढउतारांसाठी असावा, हे खरे. पण चांगल्या वर्षी शिल्लक दिसली की पावसाळी अधिवेशनातल्या पूरक मागण्या तिला शिल्लक राहू देत नाहीत, हे मी नोकरीभर पाहिले. त्यामुळे त्या उपायावर माझा फारसा विश्वास नाही.

विश्वास आहे तो एका तक्त्यावर. अर्थसंकल्पाच्या कागदपत्रांत प्रत्येक विभागाने, ३१ मार्चला काम पूर्ण झालेली पण न दिलेली देयके किती रकमेची आणि किती महिन्यांची आहेत, हे एका पानावर छापावे. ती रक्कम तुटीच्या आकड्याशेजारी दिसावी. नव्वद दिवसांपुढच्या देयकांवर व्याज लागू करावे, म्हणजे वित्त विभागाला थकवणे आणि कर्ज काढणे यांतले स्वस्त काय, हे खरोखर मोजावे लागेल. आज थकवणे फुकट आहे.

छोटा कंत्राटदार

साहेब, तक्त्याची कल्पना पटली, पण एक शंका आहे. नव्वद दिवस कधीपासून मोजायचे? देयक विभागात दाखल झाल्यापासून मोजले, तर विभाग देयक दाखलच करून घेणार नाही. माझे देयक पहिले चार महिने ‘तपासणीत’ होते.

कोषागारातला निवृत्त

शंका रास्त आहे, आणि तुम्ही काम केलेले असल्यामुळेच ती सुचली. देयकाची तारीख मुळीच धरू नये. अंतिम मोजमाप मोजमाप पुस्तिकेत ज्या दिवशी नोंदवले गेले, तो दिवस धरावा. त्या पुस्तिकेची पाने क्रमांकित असतात, पान फाडता येत नाही आणि मागची तारीख पुढे ढकलायची तर आधीच्या नोंदींशी विसंगती उघडी पडते. तुमच्या दोन मोऱ्यांची नोंद ज्या पानावर आहे, त्या पानाचा क्रमांक तुमच्याकडे असेलच.

छोटा कंत्राटदार

आहे. पान ४३.